आरसा कोणाकडे धरायचा?

‘आधी स्वतःचे घर पाहा’ हा युक्तिवाद कुठवर टिकतो, हे तपासायला ‘मदर इंडिया’चे प्रकरण पुरेसे आहे. कॅथरिन मेयो या अमेरिकन लेखिकेने १९२७ साली बालविवाह, अस्पृश्यता, अस्वच्छता यांचे भडक चित्र रंगवून हा देश स्वराज्याला अपात्र ठरवला. लाला लजपतराय यांनी १९२८ मध्ये ‘अनहॅपी इंडिया’ लिहून अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या झुंडबळींचा पाढा वाचला.

मेयोबाईंच्या हेतूला हे उत्तर चोख आहे. झुंडबळी घेणारा देश स्वतंत्र राहू शकतो, तर आम्हीच अपात्र का? पण ग्रंथालयातली जीर्ण प्रत वाचताना मी दर वेळी तिथेच अडखळतो. त्या पानांनी इथल्या दहा वर्षांच्या नवरीला काय दिले? लालाजी स्वतः सुधारणेच्या बाजूचे. वाचक मात्र तेवढ्यावरच सुखावले असावेत, असा माझा कयास आहे.

गांधीजींनी या पुस्तकाला गटार तपासनिसाचा अहवाल म्हटले, तरी भारतीयांना ते वाचून फायदाच होईल, असेही सांगितले. ही भूमिका मला अधिक सकस वाटते. १९२९च्या सारडा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय १४ केले, ते अमेरिकेची लक्तरे मोजून नव्हे.

जोतीराव फुले यांनी तर १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केला. परक्यांचे चांगले काम पुढे ठेवून त्यांनी आपल्याच घराला जाब विचारला. घर पाहणे म्हणतात ते हे. बाकी साऱ्या उखाळ्यापाखाळ्या.