मक्ता, बांबू आणि ग्रामसभा

'मक्ता' हा शब्द अरबीतून आला आणि मराठीत मुरला. वसुलीचा वा विक्रीचा हक्क ठेक्याने एकाच्या हाती देणे म्हणजे मक्ता. मिलिंद बोकील यांचे 'गोष्ट मेंढा गावाची' (२०१२) वाचताना तो वारंवार आठवतो.

मेंढा (लेखा) हे गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातले शंभरएक घरांचे गोंड गाव. भोवती सुमारे १८०० हेक्टर जंगल आणि त्यात बांबू. १९२७ च्या वन कायद्याने बांबूला 'झाड' ठरवले, त्यामुळे तो लाकडाच्या हिशेबात गेला आणि विकणारे एकटे सरकार राहिले. मोठे गिऱ्हाईकही एकच, दीर्घ मुदतीच्या कराराने बांबू उचलणारा बल्लारपूरचा कागद कारखाना. विकणारा एक, घेणारा एक, मग भाव ठरवताना जंगलाशेजारी राहणाऱ्याला विचारतो कोण?

१९९६ च्या पेसा कायद्याने गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेकडे देण्याची तरतूद केली. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला स्पष्टपणे गौण वनोपज म्हटले. २००९ साली मेंढ्याला सामूहिक वनहक्कही मिळाला. तरी वाहतूक परवाना वनखात्याच्याच हाती होता आणि परवान्याशिवाय बांबू विकता येईना. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवाना-पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. कायदा बदलला तरी मक्ता पावतीपुस्तकात लपून राहू शकतो, तो असा.

पुस्तकाचे खरे मोल मात्र बांबूच्या विजयापेक्षा त्यामागच्या रीतीत आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने गावाने अभ्यासगट चालवला. निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घेण्याची शिस्त लावून घेतली. एकाचा जरी नकार असला तरी निर्णय थांबतो आणि बोलणे पुन्हा सुरू होते. संख्येने थोड्या असलेल्या आपल्यासारख्या वाचकांनी इथे थांबून विचार करावा. मक्ता केवळ मालाचा नसतो. हात मोजून समोरच्याचे तोंड बंद करणारे बहुमत हाही मक्ताच असतो.

तरीही एक शंका उरते. सर्वसहमती शंभर घरांत जमते, कारण तिथे प्रत्येकाला प्रत्येक जण ओळखतो. पण सहमतीच्या नावाखाली दुबळ्याचा नकार गिळला जाण्याचा धोका तिथेही असतोच. शिवाय ज्या मजुराची भाकरी त्याच कारखान्यावर होती आणि ज्या बुरुडाला टोपल्यांसाठी बांबू हवा, त्यांची जागा कोणत्या ग्रामसभेत? शहराच्या मोहल्ल्यात, जिथे भाषा, धर्म आणि धंदे वेगळे, तिथे ही रीत कशी उतरवायची?

बोकील यांनी एका गावाची गोष्ट सांगितली आणि 'आमच्या गावात आम्हीच सरकार' या घोषणेचा अर्थ उलगडला. त्यातल्या 'आम्ही'त कोण कोण येते, हे प्रत्येक गावाने आणि मोहल्ल्याने स्वतःलाच विचारायचे आहे. ते विचारल्याखेरीज मक्तेदार बदलतो, मक्ता कायम राहतो.