कांजाची कैफियत

पाककृती ही टीकाकाराने हात लावण्याजोगी वस्तू नव्हे, असा आपल्याकडे एक सोवळा समज आहे. परंतु पदार्थाचे नाव कायम ठेवून त्यातील जीवच काढून घेतला जात असेल, तर त्याची बाजू कोणी मांडावयाची? पोर्तुगालात आजाऱ्याला व बाळंतिणीला कोंबडी-तांदळाचे जे सार देतात, त्या ‘कांजा’विषयी हे लिहीत आहे.

नाव आपल्याच कांजीचे. आजाऱ्याला पाजावयाच्या, मिरी-जिरे घातलेल्या तांदळाच्या पाण्याचा ‘कांजे’ म्हणून उल्लेख गार्सिया द ओर्ताच्या १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात आहे. पोर्तुगीज घरांत त्यात कोंबडी पडली. तीही मानेसह, पंखांसह, पेटा-कलेजीसह आणि जून कोंबडीच्या पोटातील कवच न धरलेल्या पिवळ्या अंड्यांसह.

अलीकडील पाककृतींत मात्र छातीचे बिनहाडाचे तुकडे घ्यावे आणि पाण्यात साराची तयार वडी विरघळवावी, असे सांगितलेले आढळते. हा केवळ आळस नव्हे. पदार्थच कळलेला नाही. छातीचे मांस फार शिजले की कोरडे, दोरेदार होते, आणि पाण्याला देण्यासारखे त्याच्याजवळ थोडेच असते. मान, पंख व पाय यांतील कातडी आणि शिरा मंद आचेवर दोन-तीन तास राहिल्या की विरघळतात. म्हणूनच खरे सार निवले की थिजते. पेट्यालाही तेवढाच वेळ हवा. कलेजी मात्र उतरवण्याआधी पाचेक मिनिटे टाकावी, नाही तर ती भुसभुशीत होते.

येथे वकिली सवयीने विरुद्ध पुरावाही मांडतो. हाडांच्या सारावर गरिबांचे पोषण होईल, या आशेने पॅरिसच्या इस्पितळांत एकेकाळी ते वाटले जाई. केवळ त्या थिजणाऱ्या द्रव्यावर, जिलेटिनवर, प्राण्याचा निर्वाह होत नाही, असा अहवाल १८४१ साली माझांदीच्या समितीने दिला. पोषण आहे ते मानेच्या मांसात, पेट्यात, कलेजीत व तांदळात. सार गाळून चोथा टाकावयास सांगणारी काटकसर ही गरिबाची फसवणूक होय.

‘स्वस्त’ या शब्दालाही माझी हरकत आहे. पाय उकळत्या पाण्यात बुडवून पिवळी साल सोलणे, नखे तोडणे, पेट्याचे आतले अस्तर काढणे, तीन तास जळण पुरवणे, हा खर्च बाजारात दिसत नाही. तो चुलीपाशी उभ्या असलेल्या बाईच्या नावे पडतो. आणि बाजारात तरी मान-पाय मागितल्यावाचून कोठे मिळतात? दुकानदाराने ते कुत्र्यांसाठी बाजूला काढलेले असतात.