प्रामाणिक खड्डे

रस्त्यातल्या आणि ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मधल्या खड्ड्यांत एक मूलभूत फरक आहे. मारिओतले खड्डे पडण्याआधी दिसतात.

१९८५ साली जपानच्या निन्टेंडो कंपनीने काढलेला हा उड्यांचा खेळ शिकायला शिकवणी लागत नाही. मारिओ डावीकडे उभा, उजवीकडे सगळी मोकळी जागा. म्हणजे निघायचं कुठे ते कळलंच. चार पावलांवर भुवया चढवलेला एक तपकिरी ठेंगू समोरून येतो. उडी मारली नाही तर गेलात! पण सुरुवात चार पावलंच मागे असते, त्यामुळे मेल्याचं दुःख फार नाही. पहिला धडा झाला आणि मास्तरांनी तोंडसुद्धा उघडलं नाही. शिगेरू मियामोतो हे त्या मास्तरांचं नाव.

पुढे छड्या मात्र भरपूर. ३ जीव, ३२ टप्पे, डोक्यावर घड्याळ, मागे फिरायची सोय नाही. किल्ला जिंकावा तर राजकन्या म्हणे दुसऱ्या किल्ल्यात! (आम्ही बँकवाले यालाच ‘शेजारच्या काउंटरवर विचारा’ म्हणतो.) तरी राग येत नाही, कारण पडलो तो आपल्याच अंगठ्यामुळे.

१९८६च्या जपानी दुसऱ्या भागात मात्र नेहमीच्या शक्तिवर्धक अळंबीसारखीच दिसणारी विषारी अळंबी आली. पुढे नेण्याऐवजी मागे ढकलणाऱ्या चोरवाटा आल्या. ही शिकवणी नव्हे, लबाडी. निन्टेंडोने तो भाग तेव्हा अमेरिकेला पाठवलाच नाही.

‘जुने खेळ काय अवघड होते हो!’ म्हणून उसासे टाकणाऱ्यांनी हे दोन्ही भाग लागोपाठ खेळावेत. अवघडपणा हा गुण नव्हे. पडणाऱ्याला आपण का पडलो ते कळणं, हा गुण. नाहीतर जुनं ते सोनं म्हणता म्हणता विषारी अळंबीही तिजोरीत जायची.