उपस्थितीची टक्केवारी आणि भरपाईचे लेखन : अभियांत्रिकी अध्यापनातील एका नियमाची चिकित्सा

सत्र संपत आले की अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या सूचनाफलकावर एक यादी लागते. तिला ‘डिफॉल्टर लिस्ट’ याच नावाने ओळखले जाते. मराठी पर्याय शोधण्याची गरज आजवर कोणाला भासलेली नाही. यादीत नाव आलेले विद्यार्थी पालकांसह विभागप्रमुखांच्या दालनाबाहेर उभे राहतात. हमीपत्रे लिहून दिली जातात, वैद्यकीय प्रमाणपत्रे सादर होतात, आणि बहुतेक प्रकरणे अखेरीस एकाच मार्गाने मिटतात. संबंधित विषयाचे अध्यापक विद्यार्थ्याला काही जादा ‘असाइनमेंट’ लिहून आणावयास सांगतात. ते स्वहस्ते लिहिलेले असावे, अशी अट असते. विद्यार्थी दोन-तीन रात्री जागून पाने भरतो, अध्यापक प्रत्येक पानावर सही करतात, सत्रकर्म पूर्ण झाल्याची नोंद होते आणि विद्यार्थी परीक्षेस पात्र ठरतो.

किमान ७५ टक्के उपस्थितीच्या नियमावर आजवर पुष्कळ चर्चा झाली आहे. ती बहुधा शिस्त विरुद्ध स्वातंत्र्य या चाकोरीतून जाते. भरपाईच्या या लेखनाकडे मात्र गांभीर्याने पाहिले गेलेले नाही. वास्तविक नियमाचे खरे स्वरूप त्याच्या भरपाईतून अधिक स्पष्ट होते. गैरहजेरीने बुडालेली गोष्ट वीस पाने उतरवून काढल्याने भरून निघते, असे महाविद्यालय मान्य करीत असेल, तर त्या तासिकेत वीस पानांपलीकडे काही घडत नव्हते, अशी कबुली त्यातून आपोआप दिली जाते. ती कबुली काही तासिकांपुरती खरी असेल. पण सर्व तासिकांना ती लागू नाही, आणि नियमाचा दोष नेमका येथे आहे.

अन्य विद्याशाखांतील अध्यापकांसाठी एक उदाहरण सविस्तर पाहणे उपयुक्त ठरेल. स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला काँक्रीटचे दाबसामर्थ्य मोजण्याचे प्रात्यक्षिक करावे लागते. सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी ठरलेल्या प्रमाणात मिसळून १५० मिलीमीटर बाजूच्या घनाकृती साच्यात तीन थरांत भरतात. प्रत्येक थरास लोखंडी सळईने किमान ३५ ठोके द्यावयाचे असतात. दुसऱ्या दिवशी साचा उघडून ठोकळा पाण्यात ठेवतात आणि सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी यंत्राखाली दाबून फोडतात. ठोकळा ६०० किलोन्यूटन भाराला फुटला, तर २२,५०० चौरस मिलीमीटर क्षेत्रफळाने भागून सामर्थ्य दर चौरस मिलीमीटरला सुमारे २६.७ न्यूटन येते. हा भागाकार आठवीतील मुलालाही जमेल. प्रात्यक्षिकाचा गाभा भागाकारात नाही. पाणी थोडे अधिक पडले की मिश्रण किती सहज कालवले जाते आणि तेच सोपेपण चार आठवड्यांनी सामर्थ्यातून कसे वजा होते. ठोके देण्याचा कंटाळा केला की ठोकळ्याच्या कडेला कशी पोकळी राहते. एकाच मिश्रणाचे तीन ठोकळे तीन वेगळ्या भारांना का फुटतात, हे हाताला आणि डोळ्यांना कळणे हा तो गाभा होय. आय. एस. ४५६ या भारतीय मानकानुसार एका नमुन्याच्या तीन ठोकळ्यांपैकी कोणाचेही सामर्थ्य सरासरीपेक्षा १५ टक्क्यांहून अधिक ढळता कामा नये. ही मर्यादा कशासाठी, हे ज्याने स्वतः साचा भरला आहे त्याला सांगावे लागत नाही.

आता या प्रात्यक्षिकाला गैरहजर राहिलेल्या विद्यार्थ्याची भरपाई पाहावी. तो मित्राच्या जर्नलमधून उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षणे आणि निष्कर्ष उतरवून काढतो. निरीक्षणांचे आकडे मित्राचेच असतात. यात तांत्रिकदृष्ट्या लबाडीही दिसत नाही, कारण संपूर्ण तुकडीने मिळून तीनच ठोकळे फोडलेले असतात आणि सर्वांचे आकडे सारखेच असणे अपेक्षित असते. उपस्थित आणि अनुपस्थित विद्यार्थ्यांची जर्नले तपासणाऱ्याला वेगळी ओळखता येत नाहीत. किंबहुना अनुपस्थित विद्यार्थ्याचे अक्षर अधिक सुवाच्य असण्याचीच शक्यता आहे. त्याने ते सावकाश बसून लिहिलेले असते.

याउलट, तुळईवरील कर्तन बल व नमन आघूर्ण यांच्या आकृत्या काढण्याची व्याख्याने ज्याची बुडाली, त्याला दहा वेगवेगळी उदाहरणे सोडवावयास दिली आणि ती त्याने स्वतः सोडवली, तर नुकसान बऱ्याच अंशी भरून निघते. देशातील भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या एन. पी. टी. ई. एल. उपक्रमामुळे अशा विषयांची उत्तम व्याख्याने घरबसल्या पाहता येतात. तेव्हा व्याख्यानाची सक्ती आता कालबाह्य झाली, असा युक्तिवाद केला जातो. तो पूर्णतः ग्राह्य नाही. मराठी माध्यमातून आलेल्या, विशेषतः ग्रामीण भागातील विद्यार्थ्याला प्रथम वर्षी इंग्रजी व्याख्यानाचा मार्ग खडतर असतो. वर्गातील अध्यापक फळ्यावर उदाहरण सोडविताना मध्येच दोन वाक्ये मराठीत बोलून जातात आणि अडलेली गाठ सुटते. ध्वनिचित्रफितीत ती दोन वाक्ये नसतात. तरीही व्याख्यानाचे नुकसान भरून काढता येण्याजोगे आहे, प्रात्यक्षिकाचे सहसा नाही, हा भेद शिल्लक राहतोच.

हा भेद टक्केवारीत पूर्णपणे पुसला जातो, आणि ते साध्या अंकगणिताने दाखविता येते. एखाद्या विषयाची सत्रात ४५ व्याख्याने आणि प्रत्येकी दोन तासांची १२ प्रात्यक्षिके आहेत, असे धरू. पहिला विद्यार्थी ४० व्याख्यानांना आला, पण प्रात्यक्षिकांना पाचच वेळा. दुसरा एकही प्रात्यक्षिक न चुकवता बाराही वेळा आला. व्याख्यानांना मात्र ३० वेळा. प्रत्येक हजेरी एक मानून हिशेब केला, तर पहिल्याची उपस्थिती ५७ पैकी ४५, म्हणजे ७८.९ टक्के होते. दुसऱ्याची ५७ पैकी ४२, म्हणजे ७३.७ टक्के. यादीत दुसऱ्याचे नाव लागते. हाच हिशेब तासांनी केला, तर पहिल्याचे ६९ पैकी ५० तास, म्हणजे ७२.५ टक्के, आणि दुसऱ्याचे ६९ पैकी ५४, म्हणजे ७८.३ टक्के होतात. यादीत आता पहिल्याचे नाव लागते. दोघांच्या वर्तनात तसूभरही फरक पडलेला नाही. हजेरीपट कोणत्या रीतीने मोजला, एवढ्यावर कोण ‘डिफॉल्टर’ हे ठरले, आणि बरेचदा ती रीत विभागातील संगणकावर कोणीतरी पूर्वी तयार करून ठेवलेल्या तक्त्याने ठरविलेली असते.

पहिल्या रीतीच्या समर्थनार्थ श्रेयांकांचा आधार दिला जाऊ शकतो. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात आठवड्याला एक तास व्याख्यानास एक श्रेयांक, तर एक तास प्रात्यक्षिकास अर्धा श्रेयांक दिलेला आहे. म्हणजे दोन तासांचे प्रात्यक्षिक एका व्याख्यानाच्या तोलाचे ठरते. परंतु श्रेयांक हे विद्यार्थ्यावरील अभ्यासभाराचे माप आहे. कोणती गोष्ट नंतर भरून काढता येईल आणि कोणती नाही, हे त्यातून कळत नाही. ते कळण्यासाठी बनविलेलेही नाही.

न्यायालयीन पातळीवर हा प्रश्न अलीकडे वेगळ्या दिशेने पुढे आला. एका विधी विद्यार्थ्याच्या २०१६ मधील आत्महत्येनंतर सुरू झालेल्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये, केवळ किमान उपस्थिती नाही या कारणावरून विधी शाखेच्या विद्यार्थ्यास परीक्षेपासून रोखू नये, असे निर्देश दिले. ते निर्देश विधी शिक्षणापुरते आहेत. अभियांत्रिकीला ते जसेच्या तसे लावावेत, अशी मागणी झाल्यास प्रयोगशाळेचा विचार वेगळा करावाच लागेल. मात्र त्या प्रकरणामागील मानवी वास्तव अभियांत्रिकीच्या आवारातही अपरिचित नाही. कसाऱ्याहून वा कर्जतहून रोज लोकलने मुंबईत येणारा, रात्रपाळी करून शिकणारा, पदविकेनंतर थेट द्वितीय वर्षाला प्रवेश घेऊन घरचा खर्चही उचलणारा विद्यार्थी यादीत असतो. केवळ कंटाळा करणाराही असतो. यादी दोघांना एकच आकडा देते आणि दोघांकडून तीच वीस पाने लिहून घेते. पहिल्याला ती पाने लिहिण्यास वेळ नसतो. दुसऱ्याला बहुधा ती लिहून देणारा कोणी भेटतो.

नियमाचा आणखी एक दोष वेळेचा आहे. यादी लागते ती सत्राच्या शेवटी, फार तर मध्यंतरी एकदा. तोपर्यंत प्रयोगशाळेतील मांडणी बदललेली असते, पाण्यातले ठोकळे फुटून मागच्या अंगणात जाऊन पडलेले असतात. भरपाई म्हणून लेखनच उरते, कारण अन्य काही करण्याचा क्षण निघून गेलेला असतो. वस्तुतः एका वर्गाच्या तीन-चार तुकड्या तेच प्रात्यक्षिक एकाच आठवड्यात वेगवेगळ्या दिवशी करीत असतात. सोमवारी आजारी असलेल्या विद्यार्थ्याला गुरुवारच्या तुकडीत उभे केले, तर भरपाई खरी होते आणि तिला खर्चही लागत नाही. परंतु गुरुवारी त्याचे स्वतःचे व्याख्यान असते. तेथे गैरहजेरी लागते. शिवाय दुसऱ्या तुकडीच्या हजेरीपटावर त्याचे नाव नसते आणि ते लिहावयास रकाना नसतो. एका गैरहजेरीची भरपाई करू जाणाऱ्याच्या पदरी दुसरी गैरहजेरी पडावी, अशी ही रचना आहे.

अध्यापकांवर या सर्वाचे खापर फोडणे अन्यायाचे होईल. वीस पाने लिहून घेणाऱ्या अध्यापकाला त्यांचे मोल ठाऊक असते. ती वाचण्याची त्यालाही इच्छा नसते. पण त्याच्यासमोर अन्य मार्ग कोणता आहे? तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ मध्ये पदवी अभ्यासक्रमांसाठी अध्यापक-विद्यार्थी प्रमाण १ : १५ वरून १ : २० असे शिथिल केले. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गातील सात जणांसाठी एक प्रात्यक्षिक पुन्हा लावावयाचे, तर तीन ठोकळ्यांना सुमारे दहा लिटर काँक्रीट लागते. ते मोठे नाही. प्रयोगशाळा साहाय्यकाचे दोन तास, अध्यापकाचे दोन तास आणि अठ्ठावीस दिवसांनंतरचा आणखी एक तास मात्र लागतो, आणि त्या पाच तासांना अध्यापकाच्या कार्यभारपत्रकात कोठेही जागा नाही. व्याख्यान, ट्यूटोरियल, प्रात्यक्षिक, प्रकल्प मार्गदर्शन यांचे रकाने आहेत. बुडालेले प्रात्यक्षिक पुन्हा घेण्याचा नाही. लेखी असाइनमेंट तपासण्यासाठीही रकाना नाही, पण तिला सही करण्यापुरताच वेळ लागतो.

अभ्यास मंडळे आणि महाविद्यालयांच्या शैक्षणिक समित्या हा विषय हाती घेतील, तेव्हा ७५ ऐवजी ६० की ५० या वादात त्यांचा बहुतेक वेळ जाण्याचा संभव आहे. त्याऐवजी प्रत्येक विषयाच्या अध्यापकाला सत्रारंभीच लिहून देता येईल, की बारापैकी कोणती प्रात्यक्षिके प्रत्यक्ष केल्याशिवाय सत्रकर्म पूर्ण मानले जाणार नाही. ती चार असतील, कदाचित सहा. त्यांतील चुकलेले प्रात्यक्षिक त्याच आठवड्यात अन्य तुकडीबरोबर करण्याची मुभा असावी आणि त्या दिवशी बुडालेले व्याख्यान मोजू नये. उर्वरित गैरहजेरीसाठी उदाहरणे सोडविण्याचे काम देता येईल, आणि दहा मिनिटे समोर बसवून त्यांतले एक पुन्हा सोडवून घेता येईल. म्हणजे ते कोणी लिहिले हेही कळेल. ही दहा मिनिटे आणि वरील पाच तास कार्यभारपत्रकात कोठे दाखवावयाचे, हा प्रश्न मात्र अध्यापकाच्या हातचा नाही. तो प्राचार्यांच्या, आणि त्यांच्याही वर संस्थाचालकांच्या टेबलावरचा आहे.