पाहुण्याची वही आणि मालकाची फाइल

सुट्टीसाठी भाड्याने मिळणाऱ्या जर्मन घरात दोन प्रकारचे वाङ्मय हमखास सापडते. एक, घरमालकाने खणात ठेवलेली सूचनांची फाइल. आणि दुसरे, आधी राहून गेलेल्यांनी अभिप्राय लिहिलेली वही. आपल्यातली चार-पाच कुटुंबे एकत्र येऊन आयफेलमध्ये, झाउअरलांडमध्ये किंवा श्वार्त्सवाल्डमध्ये असे फेरिएनहाउस घेतात, यात आता नवे काही राहिलेले नाही. फ्रोनलाइखनामचा गुरुवार आला की शुक्रवारची एक रजा टाकायची आणि चार दिवस पदरात पाडून घ्यायचे, हा हिशोब इथे आलेल्या मराठी माणसाला पहिल्याच वर्षी कळतो (बर्लिन-हॅम्बुर्गकरांना ही सुट्टी नसते, त्यांची क्षमा मागून). परत आल्यावर वृत्तांतही लिहिले जातात. त्यांत जेवणाची यादी असते, गाण्याच्या भेंड्या असतात, पावसाने केलेली फजिती असते. ज्या घरात हे सारे घडले त्या घराविषयी मात्र चकार शब्द नसतो. म्हणून गेल्या काही वर्षांत नजरेखालून गेलेल्या अशा फायलींची आणि वह्यांची समीक्षा करण्याचे योजले आहे.

आधी फाइल. माझा धंदा सॉफ्टवेअरचा, त्यापूर्वीची काही वर्षे अभियांत्रिकीच्या प्रबंधात गेली. दुसऱ्यांनी लिहिलेली स्पेसिफिकेशन्स वाचून त्यांतल्या भोकांवर बोट ठेवण्याचेच मला पैसे मिळतात. त्या नजरेने पाहिले तर जर्मन घरमालकाची फाइल हे पहिल्या प्रतीचे तांत्रिक लेखन आहे. किल्लीची पेटी कुठे, गरम पाण्याचा बॉयलर कसा चालू करायचा, शेवटच्या दिवशी किती वाजेपर्यंत घर सोडायचे, अनामत रक्कम कधी परत मिळणार. कुठेही पाल्हाळ नाही, अलंकार नाही. कचरा हा या वाङ्मयाचा स्थायीभाव. कागद निळ्या डब्यात, वेष्टने पिवळ्या पिशवीत, भाजीची देठे तपकिरी डब्यात, बाटल्या गावाच्या टोकाच्या पेटीत, आणि त्याही रविवारी टाकायच्या नाहीत. आपल्यातले काहीजण या पानावर हसतात. मी हसत नाही. रविवारच्या शांततेमागे इथे केवळ शेजाऱ्याची चिडचीड नाही, राज्यघटना आहे. १९१९ च्या वायमार घटनेतले १३९ वे कलम रविवारला विश्रांतीचा दिवस म्हणून संरक्षण देते, आणि १९४९ च्या मूलभूत कायद्याने १४० व्या कलमाद्वारे ते जसेच्या तसे आपल्या पोटात घेतले. बाटली फुटल्याचा आवाज घटनेपर्यंत जाऊन पोचतो, असा देश मला तरी दुसरा माहीत नाही.

पैशाच्या पानाविषयी आपल्याकडे उगाच कुरकुर फार होते. दोनच रात्री राहायचे तर घर महाग का पडते? कारण शेवटची सफाई, चादरी, किल्ल्यांची देवघेव हा खर्च दोन रात्रींनाही तेवढाच आणि सात रात्रींनाही तेवढाच. समजा सफाईचे १४० युरो आहेत. दोन रात्रींत वाटले तर रात्रीमागे ७०, सात रात्रींत वाटले तर २०. शनिवार ते शनिवार घर देण्याची इथली जुनी रीत या भागाकारातून आली आहे, कुणाच्या खडूसपणातून नव्हे. लांब शनिवार-रविवारसाठी घर मागणारे आपण त्या रीतीला आडवे जातो. ते जरूर जावे, पण त्याची किंमत मोजताना घासाघीस करू नये.

आता एक प्रश्न. या प्रकारच्या घराला मराठी प्रवासवर्णनात जागा का नाही? १८५७ साली बाहेर पडलेले गोडसे भटजी ‘माझा प्रवास’मध्ये ओळखीपाळखीच्या घरांतून, क्षेत्रांच्या ठिकाणांतून मुक्काम करत जातात. पु. लं.च्या ‘अपूर्वाई’ने तर मराठी माणसाला युरोप दाखवला. आपल्या परंपरेत मुक्कामाची ठिकाणे ठरलेली: नातेवाईक, धर्मशाळा, हॉटेल, फार तर लग्नातला जानवसा. हवापालटासाठी लोणावळ्या-देवळालीला बंगला घेणारी मंडळी होती, पण त्या बंगल्यावर माळी असे, आणि बहुधा त्याची बायको स्वयंपाकालाही असे. अनोळखी माणसाचे अख्खे घर, त्याच्या चमच्यांसकट आणि त्याच्या अनुपस्थितीत, चार दिवसांपुरते आपले करायचे, हा अनुभव आपल्याला नवा आहे. तिथे यजमान नसतो. पाहुण्यांपैकीच कुणाला तरी यजमान व्हावे लागते.

हे ‘कुणाला तरी’ म्हणजे कोण, ते आपल्या सहलींचे वृत्तांत लपवून ठेवतात. डॉयचर टूरिझमुसफरबांड ही संस्था अशा घरांना एक ते पाच तारे देते. ते तपासणीनंतर मिळतात, ठरावीक वर्षांनी पुन्हा तपासणी होते आणि घराची सजावट, सोयी, भांडीकुंडी सारे पाहिले जाते. फायलीतही वस्तूंची यादी असते: अठरा काटे, अठरा सुऱ्या, अठरा वाडगे. मात्र अठरा माणसांचा पोह्यांपासून पावभाजीपर्यंतचा रगाडा कुणी उपसला याचा रकाना नसतो. तो मालकाने ठेवावा अशी अपेक्षाही नाही. आपल्या वृत्तांतात तो असायला हवा होता. पुरुष मंडळी निखाऱ्यावर कणसे भाजतात आणि त्याचे फोटो निघतात. भांडी यंत्रात लावणाऱ्या वहिनींचा फोटो मी अजून पाहिलेला नाही. आमच्या गटात तीन वर्षांपूर्वी दोघींनी मिळून एक तक्ता केला आणि फ्रिजवर लावला. दर जेवणाला दोन नावे, त्यांतले एक पुरुषाचे. पहिल्या दिवशी त्यावर विनोद झाले. दुसऱ्या दिवशी दोन पीएच.डी. मिळून कुकरच्या शिट्ट्या मोजत होते. हे कुठल्याही वृत्तांतात आले नाही, म्हणून इथे नोंदवतो.

आता फायलीतल्या ज्या एका वाक्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येतो. आयफेलमधल्या एका घरात (गावाचे नाव सांगत नाही, मालकाचेही नाही) सातव्या पानावर लिहिले होते, की तीव्र वासाचे पदार्थ कृपया शिजवू नयेत. आमच्यात दोन तट पडले. एक म्हणाला, त्याचे घर आहे, त्याची मर्जी. आपण फोडणी बाहेर अंगणात करू. दुसरा म्हणाला, हे सरळसरळ आपल्यासाठी लिहिले आहे, पैसे परत मागा. तासभर वाद झाला आणि तोवर पोरांनी ब्रेड-जॅम खाऊन घेतला.

मला दोन्ही पक्ष पटले नाहीत. वाक्य नीट वाचले पाहिजे. ‘रात्री दहानंतर आवाज नको’ हा नियम तपासता येतो. घड्याळ सर्वांचे सारखे चालते. ‘तळण करू नये’ हाही चांगला नियम आहे. तेल भिंतीवर उडते, धुराची घंटा वाजते, आणि हे बटाटेवड्यालाही लागू होते आणि श्नित्सेललाही. ‘तीव्र वास’ तपासायचा कशाने? त्याच स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवर मालकाने स्वतः ठेवलेले राकलेटचे यंत्र होते. ज्याने बंद खोलीत आठ माणसांचे राकलेट अनुभवले आहे त्याला ठाऊक आहे की तो चीजचा वास पडद्यांतून तीन दिवस हलत नाही. म्हणजे वासाला बंदी नव्हती. एका विशिष्ट वासाला होती, आणि त्याचे नाव घेण्याचे धैर्य लेखकाला नव्हते. बाकीची चौदा पाने ज्या काटेकोर माणसाने लिहिली, त्याची लेखणी नेमकी इथे मोघम होते. समीक्षकाच्या दृष्टीने हा दोष गंभीर आहे: लेखकाने कृतीविषयी लिहायचे सोडून माणसाविषयी लिहिले, आणि ते कृतीच्या भाषेत लिहिले.

मी फार ताणतो आहे असे कुणाला वाटेल. पण ‘आमच्याकडे सुट्टीला कोणी यावे’ या प्रश्नाचा इथला इतिहास साधा नाही. उत्तर समुद्रातल्या बोर्कुम बेटावर पहिल्या महायुद्धाच्याही आधीपासून ज्यू पाहुण्यांना हिणवणारे गाणे वाद्यवृंदाच्या साथीने म्हटले जाई, आणि कुठल्या ठिकाणी जाऊ नये याच्या याद्या जर्मन ज्यूंच्या संघटनेला छापाव्या लागत. हे १९३३ च्या आधीचे, लक्षात घ्या. पुढे नाझी राजवटीने १९३६ पासून र्‍यूगेन बेटावर प्रोरा येथे वीस हजार लोकांसाठी साडेचार किलोमीटर लांबीचे सुट्टीगृह बांधायला काढले. युद्धामुळे ते अपुरे राहिले आणि आज त्याच इमारतींच्या काही भागांत सुट्टीच्या सदनिका भाड्याने मिळतात. याच्या अगदी उलट टोकाला पोट्सडामजवळचे कापुथ. तिथे आइन्स्टाइनने १९२९ मध्ये कोनराड वाक्समान या तरुण वास्तुविशारदाकडून लाकडी उन्हाळी घर बांधून घेतले. १४ जुलै १९३० रोजी त्या घरी रवींद्रनाथ ठाकूर आले होते आणि सत्य माणसावाचून असते की नाही यावर दोघांचे बोलणे झाले. १९३२ च्या अखेरीस आइन्स्टाइनने ते घर सोडले ते कायमचे, आणि १९३५ मध्ये सरकारने ते बळकावले. घर मालकाचे असले तरी तिथे कोण राहील हे नेहमी मालकच ठरवतो असे नाही.

त्या इतिहासाच्या शेजारी मसाल्याच्या वासाची तक्रार नेऊन बसवणे हास्यास्पद होईल, आणि तसे मी करत नाही. या देशाने २००६ मध्ये समान वागणुकीचा कायदा केला. वंश किंवा वांशिक मूळ यांवरून सेवा नाकारणे त्याने निषिद्ध ठरवले. वासाचे कलम त्यात बसते की नाही हा वकिलांचा मुद्दा. माझा मुद्दा भाषेचा आहे. मी मालकाला एवढेच कळवले, की आपले सातवे पान तपासता येत नाही. ‘झाकण ठेवा, पंखा लावा, तळण करू नका, निघताना खिडक्या उघडून हवा खेळवा’ असे लिहिलेत तर तुमचे घर वाचेल आणि आमचा मान राहील. चार दिवसांनी दोन ओळींचे उत्तर आले. सूचना विचारात घेतली आहे. जर्मन पत्रव्यवहार ज्यांनी केला आहे त्यांना या वाक्याचे वजन समजेल. ते फार जड नसते, अगदी हलकेही नसते.

फायलीच्या शेवटी आणखी एक कागद असतो, पाहुण्यांच्या नोंदणीचा. १ जानेवारी २०२५ पासून जर्मन नागरिकांना मुक्कामाच्या नोंदणीचा हा फॉर्म भरावा लागत नाही. परदेशी नागरिकांना अजून लागतो. आरोग्यस्थळांच्या गावी पाहुणेकरासाठी नोंद होते ती वेगळी. परिणाम असा, की एकाच दिवाणखान्यात, एकाच पातेल्यातला चहा पिताना, ज्यांनी इथला पासपोर्ट घेतला ते मोकळे आणि ज्यांनी भारतीय ठेवला ते पेन शोधताहेत. २०२४ मध्ये जर्मनीने दुहेरी नागरिकत्वाला वाट करून दिली, पण भारत ते मानत नाही, तेव्हा आपल्यापुरता पेच तसाच आहे. त्या कागदावर कुणी रागावत नाही. तरी सही करताना आमच्यातले एक काका, इथे तीस वर्षे कर भरलेले, क्षणभर थांबले होते.

उरली वही. इथे मात्र माझी टीका आपल्याच माणसांवर आहे. जर्मन पाहुणे वहीत बेताचेच लिहितात, पण कामाचे लिहितात: कुठली पायवाट चिखलाने बंद आहे, बेकरी सोमवारी उघडत नाही, मुलीने इथे पहिल्यांदा सायकल चालवली. आपल्या नोंदी उघडून पाहा. इंग्रजीत दोन ओळी, घर सुंदर, आभार, खाली अठरा सह्या. ज्या घरात रात्री दोनपर्यंत कुणी आईच्या आजारपणाविषयी बोलत होते, कुणी परत जायचे की नाही यावर नवऱ्याशी अबोला धरला होता, त्या घरासाठी आपल्याजवळ छापील वाटावे असे एक वाक्य! परक्यापुढे नीटनेटके दिसण्याची ही धडपड मला फायलीतल्या सातव्या पानाइतकीच मोघम वाटते.

त्याच घरातल्या वहीत, सांगलीहून लेकीकडे आलेल्या एका काकूंनी यंदा मराठीत नोंद केली. शेगडीचे मागचे डावे तवे तापत नाही. वळचणीला पाकोळीचे घरटे आहे, खिडकी जपून उघडावी. शनिवारी मसालेभात केला, पंखा लावून, झाकण ठेवून. गुडघ्यामुळे वरच्या मजल्यावर जाता आले नाही, वरून काय दिसते ते कळले नाही. भाषांतर करून खाली लिहू का, असे मी विचारले, तर म्हणाल्या, “शेगडीचं तेवढं लिही, त्यांच्या कामाचं आहे.” तेवढे लिहिले.

आपल्यापैकी कुणी अशा वहीत दोन ओळींपेक्षा अधिक काही लिहिले असेल, तर त्याची नक्कल अंकाकडे जरूर पाठवावी. फायलींतली वाचण्याजोगी पानेही पाठवावीत, मालकाचे नाव-पत्ता झाकून.