ऐकणाऱ्याची बाजू

रक्तांतून आलेला दोष वैद्यानें रोग्यास कसा सांगावा यावर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. पण तें बहुतेक सांगणाऱ्याच्या बाजूनें. ऐकणाऱ्याची बाजू जाणावयाची असेल, तर ॲलिस वेक्स्लर या अमेरिकन इतिहासलेखिकेचें ‘मॅपिंग फेट’ (१९९५) हें पुस्तक वाचावें.

१९६८ सालीं लॉस एंजेलिसच्या रस्त्यावर लेखिकेच्या आईचा झोंक जातांना पाहून, सकाळींच दारू प्यायल्याची लाज नाहीं का वाटत, असें एका शिपायानें तिला हटकलें. ती दारू नव्हती; हंटिंग्टनचा आनुवंशिक रोग होता. हा रोग बहुधा मध्यमवयांत प्रकटतो; हातपाय आवरत नाहींत, पुढें बुद्धीहि ढळते. वडिलांनीं ॲलिस व नॅन्सी या दोन्ही मुलींस सांगितलें कीं, तो तुम्हां प्रत्येकीस होण्याचा संभव निम्मा आहे.

पण आजोबा याच रोगानें गेले होते, आणि तिन्ही मामांसहि तो असल्याचें घरांत १९५० सालींच कळलें होतें! आई तर प्राणिशास्त्र शिकलेली. अनुवंशाचे नियम तिला कोणी शिकवावयास नको होते. प्रेमापोटीं पाळलेल्या त्या अठरा वर्षांच्या मौनानें घर आंतून कसें थंडावत गेलें, हें लेखिकेनें फार संयमानें सांगितलें आहे. पुस्तकाचा उत्तम भाग हाच.

व्हेनेझुएलांतील माराकायबो सरोवराकांठच्या कुटुंबांच्या साहाय्यानें १९८३ सालीं या दोषाचें गुणसूत्र सांपडलें, १९९३ सालीं जनुक. या शोधांत नॅन्सी अग्रभागीं होती. ही हकीकत आवश्यक खरी, पण लांबली आहे. तींत इतिहासकार पुढें येते व मुलगी मागें पडते.

परीक्षा निघाल्यावरहि या बहिणींनीं ती करून घेतली नाहीं. यास भ्याडपणा म्हणणारे वाचक निघतील. आम्ही त्यांच्यांत नाहीं. परीक्षा ‘निम्मा’ पुसून ‘होय’ किंवा ‘नाहीं’ लिहिते. ‘होय’ आल्यावर रोग थांबविण्याचा उपाय वैद्याजवळ नव्हता. आंकडा सांगावयास एक क्षण पुरतो, ऐकणाऱ्यास तो रोज उठून ऐकावा लागतो. आतां अशा परीक्षेपूर्वीं समुपदेशन होतें, निकालास सोबत आणावयास सांगतात, आणि शेवटच्या क्षणींहि ‘नको’ म्हणण्याची मोकळीक असते. ती मोकळीक कशासाठीं, हें या पुस्तकाइतकें कोणत्याहि नियमावलींतून कळणार नाहीं.

आपणांस हा रोग झाल्याचें नॅन्सीनें २०२० सालीं जाहीर केलें. त्यानंतर आम्हीं पुस्तक पुन्हा काढलें. मूल होऊं न देण्याचा दोघींचा निर्णय जेथें येतो, तें पान या वेळीं चटकन् उलटवेना.