मराठी चित्रपुस्तके : मांडणी, घर आणि खानदेश

चित्रपुस्तकात निम्मी गोष्ट शब्द सांगतात आणि निम्मी चित्रे. चित्र झाकल्यावर गोष्ट अडते, ते चित्रपुस्तक. चित्र झाकूनही गोष्ट सुरळीत चालते, ते केवळ सचित्र पुस्तक. या कसोटीवर पाहिले तर मराठी बालसाहित्याचा बराचसा काळ सचित्र पुस्तकांचाच आहे. चित्राला स्वतंत्र काम देणारी पुस्तके मराठीत उशिरा आली. आज त्यांची मांडणी जाणती झाली आहे, मात्र त्यांतले घर अजून मोजक्याच भागांतले आहे.

चित्रपुस्तकांत क्वचित दिसणाऱ्या खानदेशाचा बालसाहित्यात शब्दांच्या बाजूने वाटा मोठा आहे. 1906 मध्ये ‘आनंद’ हे मुलांचे मासिक सुरू करणारे वासुदेव गोविंद आपटे मूळचे धरणगावचे. बालकवी ठोंबरे यांचा जन्मही 1890 मध्ये धरणगावातच झाला. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि ‘विद्यार्थी’ मासिक त्यांनी तिथेच काढले. 1935 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘श्यामची आई’ने घर हा मुलांच्या वाचनाचा मोठा विषय केला. ते घर कोकणातले होते आणि शब्दांतून उभे राहिले होते. चित्रांची सवय मराठी मुलांना प्रामुख्याने मासिकांनी आणि पाठ्यपुस्तकांनी लावली. ‘चांदोबा’ची मराठी आवृत्ती 1952 ची, बालभारतीची स्थापना 1967 ची आणि ‘किशोर’ मासिक 1971 चे. खेड्यातल्या कित्येक मुलांच्या हाती पडणारे पहिले रंगीत पान बालभारतीचे असते.

चित्रपुस्तकाचा आकार छपाईच्या गणिताने ठरतो. मोठ्या कागदाच्या घड्या घालून आठ किंवा सोळा पानांचा फर्मा तयार होतो, म्हणून ही पुस्तके बहुधा 16, 24 किंवा 32 पानांची असतात. एवढ्याच जागेत गोष्ट बसवायची, तर कोणत्या पानावर थांबायचे आणि पान उलटल्यावर काय दाखवायचे, हे लेखक-चित्रकाराला आधीच ठरवावे लागते. देवनागरीची गरज आणखी वेगळी आहे. वेलांट्या, मात्रा आणि रफार वर जातात, उकार खाली उतरतात. दोन ओळींत पुरेसे अंतर सोडले नाही तर नवशिक्या वाचकाची नजर अडखळते. मुलांसाठीच्या अनेक मराठी पुस्तकांत ठसठशीत चित्रावरच मजकूर छापलेला असतो. अशा पानावर अक्षरही वाचवत नाही आणि चित्रही नीट दिसत नाही.

चित्रपुस्तकाच्या कलेला मराठीत भरीव रूप देणाऱ्यांत माधुरी पुरंदरे यांचे नाव आधी घ्यावे लागते. 2014 मध्ये त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेल्या त्यांच्या पुस्तकांत लेखन आणि चित्रे बहुधा एकाच हातची आहेत. ‘राधाचं घर’ या संचात घरातले एकेक माणूस एकेका छोट्या पुस्तकाचा विषय होते. ‘बाबाच्या मिशा’मध्ये लहान मुलीला वाटणारे बाबाच्या मिशांचे अप्रूप, एवढाच ऐवज आहे. त्यात उपदेश नाही आणि शेवटी तात्पर्यही नाही. बाप-लेकीची जवळीक वाचकाला चित्रांतून कळते. रोजच्या घरात गोष्ट असते, हा विश्वास या पुस्तकांनी मराठी मुलांना दिला. ही त्यांची खरी कामगिरी आहे.

भाषांतरित पुस्तकांनी विविधता आणली. नॅशनल बुक ट्रस्ट, चेन्नईचे तूलिका आणि 2004 मध्ये सुरू झालेले प्रथम बुक्स यांची चित्रपुस्तके अनेक भारतीय भाषांबरोबर मराठीतही निघतात. चित्रे एकदाच तयार करून भाषेनुसार फक्त मजकूर बदलला की खर्च वाटला जातो आणि किंमत आवाक्यात राहते. प्रथमच्या स्टोरीविव्हर या संकेतस्थळावर 2015 पासून अशी पुस्तके मोफत वाचता आणि छापता येतात, ही जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी मोठी सोय आहे. उणीव मजकुरात जाणवते. चित्र जिवंत असते, पण पुष्कळदा खालचे मराठी कोरडे आणि पुस्तकी असते. मोठ्याने वाचताना ते जिभेवर रुळत नाही.

यांतल्या बहुतेक पुस्तकांतले घर एकतर शहरातल्या इमारतीतले असते, नाहीतर कुठल्याही राज्यात खपेल अशा ठरावीक खेड्यातले असते. खानदेशातले मातीच्या धाब्याचे घर, ओट्यावरची बाज, वेचणीनंतर घरात रचलेला कापूस, रावेर-यावलच्या केळीच्या बागा, कळण्याची भाकरी आणि भरीत, आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला माहेरी आलेल्या लेकींचे झोके, श्रावणातला कानबाईचा उत्सव हे सारे त्यांत क्वचितच दिसते. गुलाबाई या मुलींच्या उत्सवात तर चित्रपुस्तकाची रचना आयतीच आहे. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली घरोघरी जाऊन गाणी म्हणतात आणि शेवटी झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखतात. डबा हलवून आवाज ऐकायचा, नावे घ्यायची, चुकायचे, पुन्हा नावे घ्यायची आणि मग झाकण उघडायचे. प्रत्येक अंदाजाला एक पान दिले की पुढचे पान उलटण्याची ओढ आपोआप तयार होते.

भाषेच्या बाबतीतही हेच आहे. धुळ्यात आणि जळगावच्या पश्चिमेकडे अहिराणी, पूर्वेकडे लेवा बोली आणि सातपुड्याच्या पट्ट्यात पावरी व भिलोरी बोलली जाते. शाळेत आलेल्या मुलाला पुस्तकाची मराठी नवी असते. अशा वेळी ओळखीचे चित्र त्याला शब्दापर्यंत नेते. घरची बोली साहित्य पेलते, हे असोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी केव्हाच दाखवले आहे. 1952 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कवितेत जाते, चूल, मोट आणि सुगरणीचा खोपा डोळ्यांसमोर उभे राहतात. स्थानिक चित्रशैलीही पुस्तक पेलते. तारा बुक्सच्या 2009 च्या ‘डू!’ या पुस्तकात वारली चित्रकारांनी साध्या क्रियापदांचे आख्खे जग रेखाटले आहे. सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा घरांतली चित्रकलाही अशीच पुस्तकात यायला हवी.

मराठी चित्रपुस्तकाकडे आज कसब आहे, चांगले चित्रकार आहेत आणि वाचकही आहेत. आता त्याने घराचा परीघ वाढवायला हवा. सुरुवातीला रंगीत छपाईचीही गरज नाही. दोन रंगांतले सोळा पानांचे पुस्तक पुरेसे आहे. जळगाव-धुळ्यातले कलाशिक्षक, लेखक आणि वाचनालये यांनी एकत्र येऊन गुलाबाईचे, आखाजीचे, केळीच्या बागेचे असे एकेक पुस्तक सिद्ध करावे आणि पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांनी ते राज्यभर पोचवावे.